'मदत', 'दान' की 'सरकत'? तोरापंडितांच्या पोटापाण्याचे शब्द

एका भाषांतरकाराचा प्रश्न असा आहे : एका लेखाचं भाषांतर करताना "ज्यू समाजाने आपल्या धर्मपंडितांना आर्थिक मदत करावी का?" असं वाक्य लिहिलं. त्यातला 'मदत' हा शब्द बरोबर आहे का, की 'दान', 'वेतन', 'दक्षिणा', 'शिष्यवृत्ती' यांपैकी एखादा घ्यावा?

माझं मत : 'मदत' नको आणि 'दान' तर मुळीच नको. ज्यू परंपरेत हा वाद शतकानुशतकं चालू आहे. तोरा, म्हणजे ज्यूंचं धर्मशास्त्र, शिकणाऱ्याच्या हाती पडणारा पैसा कोणत्या खात्यावर मांडायचा, हाच त्यातला कळीचा मुद्दा आहे. 'दान' लिहिलं की भाषांतरकाराने एका पक्षाच्या बाजूने निकाल देऊन टाकला असं होतं.

तो पक्ष मध्ययुगीन ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस यांचा. ज्यू लोक त्यांना राम्बाम म्हणतात. जन्म कोर्दोबाचा, पुढचं आयुष्य कैरोलगतच्या फुस्तातमध्ये, मृत्यू १२०४ चा. मिश्ना या प्राचीन ज्यू धर्मनियमांच्या संग्रहातल्या 'पिर्के आवोत' या भागात रब्बी (धर्मगुरू) त्सादोक यांचं वचन आहे : तोरेचा मुकुट करून मिरवू नकोस आणि तिची खणायची कुदळ करू नकोस. या वचनाचा आधार घेत राम्बाम यांनी आपल्या काळच्या पंडितांवर कडाडून टीका केली. 'मिश्ने तोरा' या संहितेत तर त्यांनी लिहिलं की, काम न करता तोरा शिकत बसायचं आणि दानावर जगायचं असं जो ठरवतो, तो देवाच्या नावाला बट्टा लावतो, तोरेचा अपमान करतो, धर्माचा दिवा विझवतो. त्यांच्यामागे तालमुदची, म्हणजे मिश्ना आणि त्यावरच्या चर्चेच्या ग्रंथाचीच साक्ष होती. रब्बी योहानान चपला करत, रब्बी इत्झाक लोहारकाम करत. मुलाला हातचं काम शिकवणं हे तालमुदने बापाचं कर्तव्य मानलं आहे.

पण हे लिहिणाऱ्या राम्बाम यांचं घर कसं चालत होतं? मिश्नावरचं त्यांचं भाष्य ११६८ मध्ये पुरं झालं. तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ दाविद हिरेमाणकांचा व्यापार करत होता आणि थोरला भाऊ अभ्यास. दाविदने तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून थोरल्याला लिहिलेलं पत्र कैरोच्या गेनिझात, म्हणजे सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांच्या कोठीत सापडलं. वाळवंट कसं पार केलं ते त्यात आहे. इथे घेण्याजोगं फारसं काही नाही म्हणून समुद्रमार्गे हिंदुस्थानाकडे निघतो, असंही त्याने कळवलं आहे. पुढे तो हिंदी महासागरात बुडाला. राम्बाम यांनी नंतर एका पत्रात लिहिलं की त्याच्याजवळ माझा, त्याचा आणि इतरांचाही बराच पैसा होता. त्याची विधवा आणि लहान मुलगी आता माझ्याकडे आहेत. बातमी आल्यावर मी जवळजवळ वर्षभर अंथरुणाला खिळलो होतो. त्यानंतर त्यांनी वैद्यकीवर घर चालवलं आणि सलाहुद्दीनचा वजीर अल-कादी अल-फादिल याच्या पदरी ते राहिले.

'माझा पैसा' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. दाविद भावाला भीक घालत नव्हता, दोघांचं भांडवल एकाच गलबतावर होतं. व्यापाऱ्याने पंडिताचे पैसे आपल्या धंद्यात फिरवावेत, त्याचा माल आधी विकून द्यावा, हे तर राम्बाम यांनी त्याच कडक भाष्यात मान्य केलं आहे. मराठीत याला जुना, नेमका शब्द आहे : सरकत, म्हणजे भागीदारी. कागदपत्रांतला 'सरकतीचा व्यापार' आठवा.

ज्यू परंपरेतही या भागीदारीला नाव आहे, इस्साखार आणि झेवुलून. बायबलमधल्या याकोबच्या मुलांपैकी हे दोघे. मोशेच्या आशीर्वादात झेवुलूनला 'बाहेर पडताना' आणि इस्साखारला 'तंबूत' आनंद कर असं म्हटलं आहे. त्यावरून मिद्राशने, म्हणजे शास्त्रवचनांवरच्या जुन्या ज्यू विवरणांनी, अर्थ लावला की झेवुलून व्यापार करी, इस्साखार तोरा शिके आणि कमाई व पुण्य दोन्ही वाटून घेत. यात एक अट आहे, ती भाषांतरात हरवू देऊ नये. करार आधी व्हायला हवा. क्राकोच्या रब्बी मोशे इसर्लेस यांनी १६ व्या शतकात हे स्पष्ट नोंदवलं : शिकण्याआधी ठरवलं तर फळ वाटून घेता येतं, पण शिकून झालेल्या तोरेचं पुण्य पैसे देऊन विकत घेता येत नाही. तालमुदमध्ये हिल्लेल दारिद्र्यात शिकला आणि त्याचा व्यापारी भाऊ शेवना नंतर वाटा मागायला आला, तेव्हा आकाशवाणीनेच त्याला धुडकावलं. 'मदत' या शब्दात ही अट मावत नाही. मदत कधीही करता येते, सरकत आधीच ठरवावी लागते.

दुसरा मार्ग 'सेखार बटाला'. न्यायनिवाडा करणाऱ्याने किंवा शिकवणाऱ्याने तोरेचा मोबदला घ्यायचा नाही. पण त्या वेळात तो दुसरं काम करू शकला असता, त्याचे पैसे घ्यायला हरकत नाही. याला मी डोळे झाकून 'बुडीत रोजाची भरपाई' म्हणेन. साक्षीसाठी कोर्टात गेलेल्या मजुराचा रोज बुडतो, तोच हा रोज. शिमोन बेन त्सेमाख दुरान हे मायोर्काचे वैद्य आणि पंडित. १३९१ च्या ज्यूविरोधी दंगलींनंतर ते अल्जीयर्सला पळून आले. तिथे वैद्यकीवर भागेना, तेव्हा समाजाकडून पगार घेण्याची पाळी आली आणि त्यांनी राम्बाम यांच्याविरुद्ध सविस्तर बाजू मांडली. पुढे १६ व्या शतकातले संहिताकार योसेफ कारो यांनीही राम्बाम यांचं मत मान्य केलं नाही. पैसा नसता तर तोरा केव्हाच विसरली गेली असती, असा त्यांचा मुद्दा. पिर्के आवोतमध्येच म्हटलं आहे की पीठ नाही तर तोरा नाही आणि तोरा नाही तर पीठ नाही.

एका ठिकाणी मात्र मराठीला शब्द शोधावाच लागत नाही. पूर्व युरोपातल्या येशिवांत, म्हणजे तालमुद शिकवणाऱ्या पाठशाळांत, गरीब पोरं रविवारी एका घरी, सोमवारी दुसऱ्या घरी अशी जेवायला जात. यिद्दिशमध्ये त्याला 'दिवस खाणे' म्हणत. आपल्याकडे पुण्यात शिकायला आलेली कितीतरी मुलं याच रीतीने वाढली. तेव्हा बिनधास्त 'वार लावून जेवणे' लिहा. 'अन्नछत्र' किंवा 'मोफत भोजन' लिहून त्यातलं ओशाळेपण आणि घरोबा दोन्ही घालवू नका.

'दक्षिणा' का नको? तिला कर्माचा संबंध आहे, शिवाय पेशव्यांच्या श्रावणमासी दक्षिणेची आठवण आहे. वाचक ज्यू वस्तीतून थेट पर्वतीच्या रमण्यात पोचेल. 'शिष्यवृत्ती'ही चुकते, कारण कोलेलमध्ये, म्हणजे प्रौढांच्या तोरा-अभ्याससंस्थेत, शिकणारे 'अव्रेख' विद्यार्थीवयाचे नसतात, लग्न झालेले, पोराबाळांचे पुरुष असतात. मराठीत तयार शब्द नाही याचं कारणही साधं आहे. मराठी बोलणारा ज्यू समाज म्हणजे बेने इस्राएल. कोकणातले हे लोक तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची धर्मकृत्यं काजी आणि पुढे हजान (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे) करत. जन्मभर फक्त तोरा शिकणारा वर्ग त्यांच्यात नव्हता.

कोलेल ही संस्था या रूपात फार जुनी नाही. लग्न झालेल्यांसाठीचं लिथुआनियातल्या कोव्हनोचं कोलेल १८७७ चं. त्या पैशाला मी 'निर्वाहभत्ता' म्हणेन. आणि इथेच माझं स्वतःचं मत सांगतो. समाजाने तोरापंडितांना पोसावं, पण सरकत म्हणून किंवा बुडीत रोज म्हणून, कारण दोन्हींत दोघांकडेही हिशेब राहतो. १९४८ मध्ये इस्रायलचे पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांनी सुमारे ४०० येशिवा विद्यार्थ्यांना लष्करी सेवेतून सूट दिली, ती 'तोरातो उमनुतो', म्हणजे तोरा हाच त्याचा धंदा, या तालमुदी शब्दांच्या आधारे. १९७७ मध्ये संख्येची मर्यादा गेली आणि निवडक पंडितांसाठीची सोय एका संपूर्ण समाजाची जीवनरीत बनली. जून २०२४ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की सूट देणारा कायदा उरलेला नसताना भरती टाळता येणार नाही आणि अशा विद्यार्थ्यांसाठी येशिवांना सरकारी पैसाही देता येणार नाही. बातम्यांत याला 'धर्मपंडितांची मदत बंद' म्हणणं अर्धवट आहे. करदात्याने झेवुलून व्हायचं आधी कबूल केलं होतं का, हा खरा प्रश्न आहे.

'समाज पोसतो' हे शब्दही जपून वापरा. पुष्कळ अव्रेखांच्या घरी मुख्य कमाई बायकोची असते. ती शाळेत शिकवते, हिशेब लिहिते, संगणकावर काम करते आणि मुलंही सांभाळते. नवऱ्याला शिकायला पाठवून त्याची वाट पाहणाऱ्या बायकांना तोरेचं पुण्य मिळतं असं तालमुद म्हणतो, म्हणजे सरकतीत तिचं नाव आधीपासून आहे. तुमचं वाक्य मी असं लिहीन : "तोरेच्या अभ्यासाला वाहून घेतलेल्यांच्या निर्वाहाचा भार कुणी आणि कोणत्या नात्याने उचलावा?" आणि तुमच्या भाषांतरात पुढे 'पोशिंदा' शब्द येईल तिथे 'पोशिंदी' लिहायला विसरू नका.