एनमधला तो वजा एक

प्रश्न: स्टॅट्सची सुरुवातच आहे आणि मी स्टँडर्ड डिव्हिएशनपाशी (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) अडकलेय. ते काढताना कधी एनने, म्हणजे एकूण आकडे किती आहेत त्याने भागायचं, कधी एन वजा एकने. विचारलं की सगळे म्हणतात फॉर्म्युला पाठ कर. आणि पॅरामीटर, स्टॅटिस्टिक असे दोन शब्द कशाला हवेत?

उत्तर: पाठ नको करूस, विसरशील. आधी शब्दांचं बघू. ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते सगळेच्या सगळे म्हणजे समष्टी, आणि त्यातले जे हाताला लागले तो नमुना. समष्टीची सरासरी हा पॅरामीटर, तो एकच ठरलेला आकडा असतो, फक्त आपल्याला बहुतेकदा ठाऊक नसतो. नमुन्याची सरासरी म्हणजे स्टॅटिस्टिक, नमुना बदलला की तीही बदलते. म्हणून दोन नावं.

आता वजा एक. डबीत दोनच चिठ्ठ्या आहेत समज, एकीवर 0, दुसरीवर 2. सरासरी 1, दोघी तिच्यापासून 1 ने लांब, म्हणजे व्हेरिअन्स (फरकांच्या वर्गांची सरासरी, तिचं वर्गमूळ म्हणजे स्टँडर्ड डिव्हिएशन) पण 1. आता डबीत न डोकावता एक चिठ्ठी काढ, परत टाक, पुन्हा एक काढ. चारच गोष्टी होऊ शकतात: 0-0, 0-2, 2-0, 2-2. प्रत्येक वेळी नमुन्याच्याच सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग करून बेरीज घेतलीस तर येतं 0, 2, 2, 0. एनने म्हणजे 2 ने भाग, चारही उत्तरांची सरासरी पडते अर्धा, खऱ्या व्हेरिअन्सच्या निम्मी! एन वजा एकने, म्हणजे 1 ने भाग, बरोब्बर 1.

असं होतं कारण नमुन्याची सरासरी त्याच आकड्यांतून काढलेली असते, ती त्यांच्या मधोमध जाऊन बसते आणि फरक आहेत त्यापेक्षा लहान दिसतात. 0-0 आलं तर वाटतं काही फरकच नाही, खरं तर दोन्ही आकडे 1 ने चुकलेत. (वर्गमूळ घेतलं की स्टँडर्ड डिव्हिएशन परत किंचित कमीच येतं, पण ते आत्ता राहू दे.) हातात अख्खी समष्टी असेल तर मात्र सरळ एनने भाग.

प्रश्न: नमुना भरपूर मोठा घेतला की उत्तर बरोबरच येणार ना?

उत्तर: नाही हो. 1936 च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत लिटररी डायजेस्ट मासिकाने सुमारे 1 कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, 20 लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यावरून त्यांनी रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार म्हणून सांगितलं. प्रत्यक्षात त्यांच्या विरोधातले रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यं घेऊन गेले. पत्ते घेतले होते फोन आणि मोटारवाल्यांच्या याद्यांतून, तेही मंदीच्या काळात, म्हणजे बरीचशी खात्यापित्या घरांचीच नावं, आणि त्यातही उत्तर पाठवलं ज्यांना पाठवावंसं वाटलं त्यांनीच. याच याद्यांतून आणखी 1 कोटी पाठवल्या असत्या तरी तीच चूक पुन्हा आली असती.