मिरजेत गॅरेज टाकतोय, एअर कॉम्प्रेसर २ एचपीचा घेऊ की ५ एचपीचा?

तुम्ही लिहिलंय की पंढरपूर रोडला चारचाकीचं गॅरेज सुरू करताय, पुढे डेंटिंग-पेंटिंगही घ्यायचा विचार आहे. एक दुकानदार २ एचपी, १०० लिटर टाकीवाला गळ्यात मारतोय आणि दुसरा म्हणतोय ५ एचपीशिवाय घेऊच नका.

पेंटिंग नक्की करणार असाल तर दुसऱ्याचं ऐका. नुसतं सर्व्हिसिंग आणि टायरचं काम असेल तर दोघांचंही ऐकू नका, ३ एचपीत भागतं. माझं कुपवाड एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे आणि ओळखीतले गॅरेजवाले कॉम्प्रेसर घेताना मला सोबत नेतात, त्यामुळे सविस्तर लिहितो.

दुकानात गेल्यावर सगळे एचपी आणि टाकीचे लिटर सांगतात. या दोन आकड्यांवरून मशीन तुम्हाला पुरणार की नाही हे कळत नाही. विचारायचं एकच: सात बार दाबाला एफएडी किती सीएफएम (मिनिटाला घनफूट)? म्हणजे मिनिटाला खरोखर बाहेर पडणारी हवा किती. प्लेटवर किंवा कॅटलॉगला बहुतेक वेळा ‘डिस्प्लेसमेंट’ छापलेलं असतं. तो पिस्टनच्या मापावरून काढलेला कागदी आकडा. छोट्या पिस्टन कॉम्प्रेसरमध्ये त्याच्या साधारण पासष्ट ते पंचाहत्तर टक्के हवाच हाताला लागते. १२ सीएफएम सांगितला तर आठ-नऊच धरा. अंदाज बांधायचा तर एका एचपीमागे तीन-साडेतीन सीएफएम खरी हवा मिळते. कुणी २ एचपीवर बारा सीएफएम देतो म्हणाला तर चहा प्या आणि उठा.

आता तुमच्या कामाला किती लागते ते बघू. टायरमध्ये हवा भरणं, फिल्टर फुंकणं याला तीन-चार सीएफएम. अर्धा इंची इम्पॅक्ट गनच्या डब्यावर चार-पाच लिहिलेलं असतं, पण तो आकडा थांबत थांबत चालवण्याचा आहे. नट सोडला, पाना ठेवला, पुढचा नट, असं काम असल्यामुळे तेवढ्यात भागतं. पेंटची गन मात्र दाबून धरलेली असते. साधी गन आठ ते दहा, एचव्हीएलपी (कमी दाबाने जास्त हवा सोडणारी) असेल तर दहा ते पंधरा. हवेवरचा सँडर (घासायचं मशीन) त्याहून खादाड.

त्या २ एचपी, १०० लिटरवाल्यावर गन लावली तर काय होईल ते मांडून बघा. तो देणार सहा सीएफएम, गन खाणार दहा. चार सीएफएमची तूट, म्हणजे मिनिटाला सुमारे ११३ लिटर. एक सीएफएम म्हणजे २८.३ लिटर हे लक्षात ठेवा, पुढेही लागेल. आठ बारपासून चार बारपर्यंत टाकी उतरताना १०० गुणिले ४, म्हणजे ४०० लिटर हवा सुटते. ती तूट साडेतीन मिनिटं झाकते. तेवढ्यात बोनेट अर्धं होतं, प्रेशर बसतं, रंग फुटायचा बंद होतो आणि पुढच्या अर्ध्या भागावर दाणा येतो. पेंटर शिव्या देणार गनला, तुम्ही थिनरला, आणि कॉम्प्रेसर बिचारा न थांबता पळतच राहणार. पिस्टनच्या मशीनला दहा मिनिटांतली तीन-चार मिनिटं तरी विश्रांती मिळायला हवी. ती मिळाली नाही की आधी व्हॉल्व्ह प्लेटवर काजळी धरते, मग रिंगा जातात.

‘टाकी मोठी घ्या, सगळं निभतं’ असं कुणी सांगेल. टाकी हवा साठवते, तयार करत नाही. मोठ्या टाकीने साडेतीन मिनिटांची सात मिनिटं होतील, पण रिकामी झालेली टाकी भरायलाही तेवढाच जास्त वेळ लागेल.

तुमचा हिशोब असा: गनला दहा, शेजारी पोरगा हवा मारतोय त्याला तीन, वर पाव भाग शिल्लक. सोळाच्या आसपास येतं. म्हणून ५ एचपी, टू-स्टेज, २२० ते २५० लिटर टाकी. पेंटिंगचं अजून डळमळीत असेल तर ३ एचपी, १६० ते २०० लिटर, नऊ-दहा सीएफएम. पेंटिंग आलंच तर तेव्हा दुसरा घ्या आणि हा टायर-सर्व्हिसिंगकडे ठेवा. दोन मशीन असली की एक बंद पडल्यावर गॅरेज बंद पडत नाही. मला व्यक्तिशः हाच मार्ग जास्त पटतो, पण जागा आणि भांडवल तुमचं.

टू-स्टेज का? त्यात हवा दोन टप्प्यांत दाबली जाते आणि मधल्या पंखदार नळीत ती थंड होते. मशीन कमी तापतं, ऑइल टिकतं. शिवाय आपल्याकडे गाळप हंगामात उसाचे ट्रक दारात येणार. ट्रकच्या टायरला ११०-१२० पौंड हवा लागते. साडेचौदा पौंडांचा एक बार, म्हणजे साडेसात ते सव्वाआठ बार झाले. सिंगल-स्टेजचा कट-ऑफच (मोटर आपोआप बंद होते तो दाब) साधारण सात-आठ बारला असतो, तिथे तो टायर पूर्ण भरणारच नाही. टू-स्टेज बारा बारपर्यंत जातो. पण जातो म्हणून रोज बाराला लावून ठेवू नका. प्रत्येक जादा बारमागे विजेचा खर्च साधारण सात टक्क्यांनी वाढतो. रंगाला आणि इम्पॅक्टला सात-आठ पुष्कळ.

वीज हा प्रश्न खरं तर एचपीच्याही आधी सोडवा. ५ एचपी म्हणजे थ्री-फेजच. सिंगल-फेजवर ३ एचपीपर्यंत मोटर मिळते, पण संध्याकाळी व्होल्टेज पडलं की ती नुसती हुं हुं करत उभी राहते आणि कपॅसिटर नाहीतर वायंडिंग जातं. गाळा भाड्याचा असेल तर मीटर कुणाच्या नावावर आहे, मंजूर भार किती आहे आणि गॅरेजला दर कोणता लागणार, हे महावितरणच्या ऑफिसात विचारून मगच मशीनची ऑर्डर द्या. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट. मोटरचं नुकसान धरून पूर्ण भारावर तासाला सव्वाचार युनिट जळतं. युनिट दहा रुपये धरलं तर तासाला बेचाळीस-त्रेचाळीस रुपये. पेंटिंगचा रेट काढताना हे विसरू नका.

आता घ्यायच्या दिवशी काय करायचं. दुकानदाराला मशीन चालू करून दाखवायला सांगा आणि मोबाइलचं घड्याळ लावा. काटा पाच बारवर आला की सुरू, सातवर आला की बंद. टाकीचे लिटर गुणिले दोन, भागिले लागलेली मिनिटं, भागिले २८.३. टाकी २२० लिटरची आणि वेळ एक मिनिट लागला तर मिनिटाला ४४० लिटर, म्हणजे साडेपंधरा सीएफएम. ठीक आहे. त्याच टाकीला दीड मिनिट लागलं तर जेमतेम दहा. हवा गरम असते म्हणून खरा आकडा याहूनही थोडा खालीच असतो. शून्यापासून मोजू नका, सुरुवातीला काटा भराभर चढतो आणि मशीन आहे त्यापेक्षा चांगलं वाटतं.

तसंच उभं राहून कट-ऑफ होऊ द्या. मोटर बंद होताक्षणी प्रेशर स्विचपाशी ‘फुस्स’ असा आवाज आला पाहिजे. ब्लॉकपासून (हवा दाबणारा पिस्टनचा भाग) टाकीपर्यंतच्या नळीत अडकलेली हवा तिथून सुटते. ती सुटली नाही तर पुढच्या वेळी मोटर भारासकट उठते, आणि तशी रोज उठली की वायंडिंगचा निकाल लागतो. आवाज येऊन थांबायचंही असतं. फुसफुस चालूच राहिली तर टाकीच्या तोंडाचा, हवा उलटी येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय.

गाळ्यात बसवल्यावर ब्लॉकच्या बेल्टवाल्या चाकावरचा बाण बघा. थ्री-फेजला दोन वायरी इकडच्या तिकडे झाल्या की मोटर उलटी फिरते. कॉम्प्रेसर उलटा फिरूनही हवा भरतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पण चाकाच्या आऱ्याच पंख्याचं काम करतात, आणि उलट फिरल्यावर वारा ब्लॉककडे जायच्या ऐवजी भिंतीकडे जातो. ब्लॉकच्या दुसऱ्या अंगाला तळवा धरा, वारा लागला पाहिजे. खांबावर लाइनमनने काही काम केलं की पुन्हा एकदा बघायचं. चाक भिंतीपासून दीड फूट तरी लांब ठेवा.

ते सुटसुटीत दिसणारे, बेल्ट नसलेले, चाकांवर ढकलायचे मॉडेल? त्यांची मोटर थेट जोडलेली, मिनिटाला २८०० फेरे. बेल्टवाला ब्लॉक सातशे ते हजार फेऱ्यांवर निवांत चालतो. पंक्चरच्या टपरीला पहिला ठीक, दिवसभराच्या गॅरेजला नाही. स्क्रू कॉम्प्रेसरच्या नादीही सध्या लागू नका. ज्याची सीएनसी मशिनं शिफ्टभर हवा ओढतात त्याला तो वरदान आहे. गॅरेजमध्ये तो मिनिटभर चालून थांबणार, ऑइल पुरतं तापणार नाही, ओल ऑइलमध्येच राहणार आणि महागडं एअर-एंड (हवा दाबणारा स्क्रूचा भाग) खराब होणार.

पाण्याबद्दल दुकानदार बोलत नाहीत, पण पेंटिंगचं निम्मं दुखणं तिथेच आहे. पावसाळ्यातल्या दमट हवेत घनमीटरमागे वीस-बावीस ग्रॅम वाफ असते. १५ सीएफएमचं मशीन तासाला सुमारे पंचवीस घनमीटर हवा ओढतं. दाबून थंड झालेल्या हवेत त्यातली थोडीच वाफ मावते, बाकीचं पाणी होतं. सलग तासाला चारशे-साडेचारशे मिली!  यातलं सगळं टाकीतच राहिलं असतं तर प्रश्न नव्हता. पण टाकीतून निघताना हवा अजून कोमट असते, ती पाइपमध्ये गार होते आणि तिथे पाणी सुटतं. म्हणून पाणी वेगळं काढणारा सेपरेटर कॉम्प्रेसरला चिकटवून बसवू नका, निदान पंचवीस फूट पाइप गेल्यावर, गनच्या बाजूला बसवा. मेन पाइपला जरा उतार द्या, शेवटी ड्रेन कॉक ठेवा, आणि खाली उतरणारी प्रत्येक लाइन मेन पाइपच्या वरच्या अंगातून काढून मग वळवा, म्हणजे तळाचं पाणी तिच्यात शिरत नाही. टाकीचा ड्रेन रोज संध्याकाळी उघडायचा. ज्या पोराकडे गॅरेजची किल्ली त्याच्याकडेच हे काम.

पाइप जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) किंवा हवेसाठीचा अ‍ॅल्युमिनियम. प्लंबर पीव्हीसी सुचवेल, स्वस्त आहे म्हणून. पाण्याचा पाइप फुटला तर गळतो, दाबलेल्या हवेने पीव्हीसी फुटला तर तुकडे उडतात. नको म्हणजे नको. आणि गळती: सात बारला दीड मिलिमीटरच्या भोकातून साधारण सहा सीएफएम हवा जाते, म्हणजे तुमच्या ३ एचपीच्या मशीनची निम्म्याहून जास्त कमाई. सगळी कामं थांबल्यावर काटा बघून घरी जा, सकाळी परत बघा. कपलर आणि नळीचे क्लिप हे नेहमीचे संशयित.

कंपनी कोणती? कोइमतूरची एल्जी, इंगरसोल रँड, चिकागो न्यूमॅटिक, कुठलीही चालेल, सर्व्हिस जवळ असली म्हणजे झालं. आपल्याकडे काही जण किर्लोस्करवाडीचा माल म्हणून चौकशी करतात. वाडीला पंप होतात, कॉम्प्रेसरवाली किर्लोस्कर न्यूमॅटिक पुण्याची. लोकल असेंबल केलेला स्वस्त पडतो आणि सगळेच वाईट नसतात, पण व्हॉल्व्ह प्लेट आणि रिंग सेट सांगली-कोल्हापुरात दुसऱ्या दिवशी मिळेल का, हे दुकानदाराला न विचारता एखाद्या रिपेअरवाल्याला विचारा. जीएसटी नंबर असेल तर बिल त्यावरच घ्या, कराचं क्रेडिट मिळतं.

जुना घ्यायचा मोह होईल, कारण भागात फाउंड्र्या आणि वर्कशॉप भरपूर, माल निघत असतो. ब्लॉक जुना चालेल, रिंगा बदलता येतात. टाकी जुनी नको. ती आतून, खालच्या बाजूने सडते आणि वरचा रंग नवा असतो. घ्यायचीच तर पाण्याच्या दाबाची हायड्रो टेस्ट करून द्या म्हणावं. हवेने टेस्ट करू देऊ नका, फुटली तर बॉम्बच. सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून बघा, गंजून बसलेला असतो. वेल्डिंगचं ठिगळ दिसलं की तिथूनच परत फिरा.

तुमच्याकडे पुराचं पाणी येत नसेल, पण सांगलीतले नदीकाठचे गॅरेजवाले हे वाचतीलच. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा कित्येक कॉम्प्रेसर टाकीसकट बुडाले. कॉम्प्रेसर असा बसवा की चार बोल्ट काढून, बेल्ट आणि मोटर वेगळी करून उचलता येईल. बुडालाच तर वीज आल्याबरोबर बटण दाबू नका. मोटर वायंडिंगवाल्याकडे नेऊन वाळवून, मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) तपासून घ्या, ब्लॉकचं ऑइल काढून आतला गाळ धुवा, प्रेशर स्विच सरळ नवा टाका.

तुमचा पेंटर ठरला की तो कोणती गन वापरतो आणि गाळ्याची लांबी किती, एवढं खाली लिहा. पाइप अर्धा इंची पुरेल की पाऊण इंची लागेल ते त्यावरून सांगता येईल.