तीन किलो उतरले, पण गुडघ्याचं काय?

बाई, गुडघे दुखतात म्हणून उपाशी राहिलीस, अन् आठ दिवसांत तीन किलो उतरले म्हणून लय खुश होऊ नको. त्यात पाणीच जास्त असते. मीही आधी उपाशी राहूनच वजन उतरवलं होतं. मांड्या वाळल्या अन् ओट्यावरून उतरताना पाय लटपटायला लागले. गुडघ्याला सावरून धरते ती मांडी!

म्हणून खाटेवर पाय सरळ कर, पंजा आपल्याकडे ओढ, मांडी आवळ, दहा मोज, सोड. सकाळ-संध्याकाळ, दोन्ही पाय.

आता हिशेब. गुडघे झिजलेल्या जाड माणसांवर २००५ साली अमेरिकेत अभ्यास झाला. १ किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोनं कमी होतो. तुझं वावर केवढं दूर आहे, पावलं तूच मोज. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरची गादी, मात्र परत येत नाही. दुखणं कमी होते, एवढंच. अन् चरबी म्हणजे नुसतं ओझं नाही, सूज वाढवणारी द्रव्यंही तीच सोडते.

भाकर सोडू नको. तर्रीवरचं तेल अन् दिवसभराचा गोड चहा आधी कमी कर. वरण घट्ट खा. निंदायला उकिडवी बसू नको. मी पाटावर बसते, बाया हसतात, हसू दे. गुडघा सुजून गरम लागला, तर लेप लावत बसू नको, डॉक्टरला दाखव.