‘नुसता माइक धरला’ म्हणजे नेमकं काय केलं?

प्रश्न : माझी मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाच जणांनी मिळून १४ मिनिटांचा लघुपट केला. तिने आवाजाचं काम पाहिलं आणि थोडं संकलन केलं. आता ‘यातून मी काय शिकले’ असा अहवाल द्यायचा आहे. तिला जमत नाही म्हणून मीच लिहिला : नेतृत्वगुण, संघभावना, संवादकौशल्य. नुसता माइक धरला असं दिसलं तर पुढे कोण विचारणार, म्हणून ‘सहदिग्दर्शक’ असंही घातलं. मसुदा जोडला आहे. तो आणखी वजनदार कसा करू?
– एक पालक

उत्तर : मसुदा वाचला. दोन पानांत तुमच्या मुलीचा आवाज कुठेच ऐकू आला नाही, आणि तिचं काम तर आवाजाचंच होतं! हा मसुदा बाजूला ठेवा. ‘सहदिग्दर्शक’ तर आजच खोडा. श्रेयनामावलीत खरं काय ते लिहिलेलं असतं आणि बाकीचे चौघे त्याच वर्गात बसतात. उद्या मुलाखतीत कुणी विचारलं, ‘कॅमेरा इथेच का ठेवलात?’ तर तोंडघशी ती पडेल, तुम्ही नाही.

मला जास्त खटकलं ते ‘तिला जमत नाही’. आपण केलेलं काम सांगण्याजोगं नाही, असं घरातच कानावर पडत असेल तर तिने लिहायचं तरी काय?

दिग्दर्शन तेवढं खरं काम, बाकी सगळी हमाली, हा समज तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे. चित्र थोडं हललं तर प्रेक्षक चालवून घेतो. संवाद कळेनासा झाला की त्याचं लक्ष उडतं. माइक धरणारीला बूम, म्हणजे लांब काठीला लावलेला माइक, फ्रेमच्या अगदी कडेशी ठेवावा लागतो, पण आत दिसू द्यायचा नाही, भिंतीवर सावली पडू द्यायची नाही. तो लांब गेला की खोलीचा घुमारा संवादावर चढतो. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर लावायचा, संवाद उणे १२ डेसिबलच्या आसपास राखायचा. नट अचानक ओरडला आणि पातळी शून्यावर, म्हणजे रेकॉर्डरच्या कमाल मर्यादेवर, आदळली, तर फाटलेला आवाज नंतर धड सांधता येत नाही. फ्रीजची घरघर, कॉलर माइकवर घासणारं कापड हे हेडफोन लावलेल्या तिलाच ऐकू येतं, आणि ‘टेक चांगला झाला’ म्हणून सगळे खूश असताना ‘पुन्हा घ्या’ म्हणायची वेळही तिच्यावरच येते. शेवटी दमलेल्या सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प उभं करून रूम टोन, म्हणजे त्या खोलीची शांतता, रेकॉर्ड करायची. ती नसेल तर संकलनात दोन वाक्यांमधली जागा एकदम बहिरी वाटते.

तिला साउंड रिपोर्ट, म्हणजे प्रत्येक टेकच्या आवाजाची नोंद, आणि संकलनाची प्रोजेक्ट फाइल समोर घेऊन बसू द्या. तीनच प्रसंग निवडावेत, त्यातला एक फसलेला हवाच. काय अडलं, मी काय ठरवलं, पडद्यावर काय उमटलं, पुढच्या वेळी काय करीन, एवढंच लिहायचं. समजा, असं : ‘फोनवर घेतलेल्या लांब शॉटमध्ये आवाज आणि चित्र जुळवायला सुरुवातीला वाजवलेली टाळी जुळत होती, पण शेवटाकडे ओठ आणि आवाज सुटे झाले. मला रेकॉर्डरवर संशय आला. खरं तर फोनचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपली जातात तो आकडा, शूटिंग चालू असताना कमीजास्त होत होता. फायली स्थिर २५ फ्रेमवर रूपांतरित केल्या आणि पुन्हा जुळवल्या. यापुढे पहिल्याच दिवशी चाचणीचा लांब शॉट टाइमलाइनवर लावून बघीन.’ यात ‘समस्या सोडवण्याची क्षमता’ हे शब्द कुठेच नाहीत, तरी वाचणाऱ्याला ती दिसते.

‘आम्ही’ जिथे जिथे येईल तिथे नेमकं कुणी, ते तिने लिहावं. लघुपटांच्या अहवालात निम्मी वाक्यं या ‘आम्ही’मध्ये बुडतात.



तिचा अहवाल झाला की तुम्ही एकदाच वाचा, तोही हातात पेन न घेता. अडलेला शब्द तिलाच विचारा. तुम्हाला समजावताना तिच्या तोंडून जे वाक्य निघेल, ते तसंच अहवालात घालायला सांगा.