कॅमेरा चेहऱ्यावर नको, हातावर हवा

प्रश्न : मी चित्रकार आहे. आठवी-नववीच्या मुलांना व्हिडिओ मीटिंगवर चित्रकलेत मार्गदर्शन करते. मुलं चित्र कॅमेऱ्यासमोर धरतात, पण रंग खरे दिसत नाहीत आणि ‘छान’पलीकडे मला काही सुचत नाही. काय करू?

उत्तर : रंगांबद्दलची तुमची शंका रास्त आहे. फोनचा कॅमेरा व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला मानायचं) आणि एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा) स्वतःच ठरवतो. पांढरा कागद चौकटभर आला की तो करडा दिसू लागतो आणि कागद जरा हलला की छटा पुन्हा बदलते. काही झळाळते निळे-हिरवे तर नेहमीच्या स्क्रीनवर उमटतच नाहीत. म्हणून मीटिंगमध्ये छटेवर निवाडा देऊच नका. गडद-फिकटाचं आपसातलं नातं बऱ्यापैकी टिकतं, त्यावर बोला. चित्राचा फोटो कृष्णधवल करून पाहायला सांगा. सावल्या कुठे कमी पडल्या, हे मुलं आपणच ओळखतात.

पण तुमची खरी अडचण मला वेगळी वाटते. तुम्ही पूर्ण झालेलं चित्र बघता, आणि तोवर सांगण्याजोगं बरंचसं घडून गेलेलं असतं. मी मुलांना फोन पुस्तकांच्या चवडीवर, कागदाकडे वाकवून ठेवायला सांगतो. उजव्या हातानं काढणाऱ्यानं उजेड डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली रेषेवर पडत नाही. मग दिसतं की पेन्सिल लिहिताना धरतात तशी टोकाशी आवळलेली आहे, लांब रेघसुद्धा नुसत्या मनगटातून ओढली जाते आहे. हात क्षणभरही थांबत नसेल, तर मूल समोरच्या वस्तूकडे बघतच नाही. अशा वेळी मी एवढंच विचारतो, ‘आत्ता कुठे बघत होतास?’

प्रमाणं तपासायला मात्र वेगळा फोटो मागवा, थोडं लांबून आणि अगदी समोरून काढलेला. जवळून किंवा तिरका काढला तर आकार ताणले जातात आणि मुलाचा नसलेला दोष त्याच्या माथी येतो.

स्क्रीनवर त्यांच्या चित्रावर रेघा ओढून दुरुस्ती करू नका, ही माझी कळकळीची विनंती. या वयात तेवढ्यानं चित्र आपलं वाटेनासं होतं. दाखवायचंच असेल तर स्वतःच्या कागदावर दाखवा, खाडाखोडीसकट.

आणि मुलं गप्प असली तरी घाबरू नका. माइक बंद करून सगळ्यांनी, तुम्हीसुद्धा, दहा मिनिटं एकच वस्तू काढा. त्यानंतरचे प्रश्न तीच विचारतील.