औषध आत गेलं, मग बाहेर कसं आलं?

या महिन्यात टपालानं आणि व्हॉट्सॲपवर मिळून बरेच प्रश्न आले. त्यातले तीन बाजूला काढले, एक लघवीच्या रिपोर्टचा, एक डाळिंबाचा, एक कॉलेजच्या प्रॅक्टिकलचा. वरवर बघितलं तर एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पण उत्तरं लिहायला बसलो आणि लक्षात आलं की तिघंही बॅक्टेरियाच्या मागच्या दारापाशीच येऊन थांबलेत, म्हणून एकत्रच घेतोय.

प्रश्न : सर, माझ्या सासूबाईंना वर्षात तिसऱ्यांदा लघवीचं इन्फेक्शन झालं. कल्चर रिपोर्टमध्ये ई. कोलाय लिहिलंय आणि खाली औषधांची यादी, त्यात निम्म्याहून जास्त नावांपुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट. डॉक्टर म्हणाले जंतू औषध बाहेर फेकतो. जंतूला काय हात आहेत का? आणि इतकी वेगवेगळी औषधं तो ओळखतो तरी कशी? (जुळे सोलापूर)

ताई, हात नाहीत पण पंप आहे, आणि चांगला दणकट आहे.

आधी घराची रचना बघू म्हंजे पंप कुठं बसवलाय ते कळेल. ई. कोलायला दोन पडदे असतात, एक आतला, एक बाहेरचा, आणि दोघांच्या मधे अरुंद बोळ. औषधाला बाहेरच्या पडद्यातल्या बारीक भोकांतून, पोरिन म्हणतात त्यांना, बोळात यायला लागतं आणि मग आतला पडदा ओलांडायला लागतो. पंप या दोन्ही पडद्यांना आरपार बसवलेला आहे. आतल्या पडद्यात ॲक्र-बी, तो खरा पंप. बाहेरच्या पडद्यात टॉल-सी नावाची नळी. आणि दोघांना जोडणारा ॲक्र-ए, आपण पाइपला सॉकेट लावतो तसा. मजा अशी की हा पंप औषध नुसतं बोळात ओतत नाही, थेट रस्त्यावर फेकतो. बोळात ओतलं असतं तर ते झिरपून परत आत आलं असतं ना.

आता पंप चालतो कसा. ॲक्र-बी हा तीन सारख्या तुकड्यांचा बनलेला आहे. 2002 मध्ये जपानमध्ये ओसाकाच्या संशोधकांनी त्याची रचना पहिल्यांदा दाखवली, तेव्हा तिन्ही तुकडे एकसारखेच दिसले आणि 2006 मध्ये कळलं की काम करताना ते एकसारखे नसतातच. स्लॅब पडताना बघितलंय का तुम्ही, तीन माणसं घमेलं फिरवतात तसं आहे हे, एक घमेलं घेतोय, दुसऱ्यानं घट्ट धरलंय, तिसरा ओततोय, आणि पुढच्या क्षणी कामं बदलतात, घेणारा धरणारा होतो, धरणारा ओततो. असं गोल गोल.

याला वीज लागते ती कुठनं येते? उजनीचं धरण डोळ्यापुढे आणा. पाणी वर अडवलंय, खाली सोडलं की टर्बाइन फिरतं. बॅक्टेरिया श्वसनातून मिळालेली ऊर्जा वापरून हायड्रोजनचे आयन म्हंजे प्रोटॉन आतल्या पडद्याबाहेर ढकलून ठेवतो, आणि ते परत आत यायला बघतात तेव्हा ॲक्र-बी मधून येतात आणि येता येता घमेलं फिरवून जातात. पडद्याच्या आरपार साठवलेल्या या ऊर्जेची कल्पना पीटर मिचेल यांनी मांडली, तेव्हा लोकांना ती चमत्कारिक वाटली होती, 1978 ला त्याबद्दलच नोबेल मिळालं.

ओळखतो कसा, हा तुमचा प्रश्न सगळ्यात चांगला, कारण उत्तर असंय की तो ओळखतच नाही. ॲक्र-बीच्या आतली खोबण ऐसपैस आहे आणि तेलकट स्वभावाचं जवळपास काहीही तिथं चिकटतं, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, रंग, साबण. औषधासाठी हा पंप बनलेलाच नाही. ई. कोलाय राहतो आपल्या आतड्यात आणि तिथं सतत पित्त येतं, पित्तातले क्षार पडदे विरघळवतात, साबणासारखेच. ते बाहेर काढायला हा पंप. लॅबमध्ये पंप मोडलेला ई. कोलाय घेतला तर त्याला पित्त सहन होत नाही. आपली अँटिबायोटिक आली विसाव्या शतकात, पंप त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं पित्त उपसत बसलेला, आपलं औषध आलं तर त्याला वाटलं आणखी एक घाण आली.

बाय द वे, बॅक्टेरिया औषध बाहेर फेकतात हे पक्कं कळलं 1980 ला. त्याआधी टेट्रासायक्लिन चालत नाही म्हटल्यावर बऱ्याच जणांचा समज होता की हा जंतू औषध आत घेतच नसेल. अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांच्या लॅबनं पेशीचा पडदा उशीचा अभ्रा उलटा करावा तसा उलटा केला आणि त्याचे बारीक फुगे बनवले. पडदा उलटा म्हंजे पंपाचं तोंडही उलटं, तर टेट्रासायक्लिन फुग्याच्या आत भरायला लागलं! इतका साधा प्रयोग, पण मला आजही भारी वाटतो.

आता सासूबाईंच्या रिपोर्टबद्दल. प्रत्येक 'आर' मागं पंपच आहे असं समजू नका. सिप्रोसारख्या औषधात मुख्य कारण बहुतेक वेळा वेगळं असतं, औषध ज्या प्रथिनाला धरतं तेच थोडं बदललेलं असतं, आणि सेफॅलोस्पोरिन गटातल्या अँटिबायोटिकपुढे 'आर' असेल तर जंतू एन्झाइमनं औषध तोडतोय अशी शक्यता जास्त. एकटा पंप सहसा थोडासाच फायदा देतो, पण तेवढ्यानं जंतू मरत नाही, जिवंत राहतो, आणि राहिला की बाकीचे बदल जमा व्हायला वेळ मिळतो. रिपोर्टमध्ये यातलं काहीच लिहिलेलं नसतं, त्यात फक्त चालतं की नाही एवढंच. म्हणून मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घरात असतील तर त्या यावेळी देऊ नका, ज्याच्यापुढे 'एस', म्हंजे सेन्सिटिव्ह, औषध चालतं, असं आहे त्यातलं कुठलं द्यायचं ते वय आणि किडनी बघून डॉक्टरच ठरवतील.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती टॉल-सी नळी आहे ना, तिला दुसरं गिऱ्हाईकही आहे. लघवीच्या इन्फेक्शनमधले बरेच ई. कोलाय हिमोलायसिन नावाचं विषारी प्रथिन बनवतात, 1024 अमिनो आम्लांची लांबलचक माळ, ती रक्ताच्या पेशींना भोकं पाडते. ही माळ बाहेर जाते ती याच टॉल-सी मधून, फक्त आतल्या बाजूला ॲक्र-बीच्या जागी दुसरा पंप जोडला जातो आणि तो एटीपीवर, म्हंजे पेशीतल्या इंधनाच्या रेणूवर, चालतो. आतून सरळ बाहेर, बोळात थांबायचं नाही. आत असताना माळ सुटी असते, बाहेर कॅल्शियम भरपूर, ते लागलं की घडी पडते आणि मग ती मागं सरकू शकत नाही. म्हंजे एकाच दारानं आपलं औषध बाहेर आणि त्याचं विषही बाहेर. 2000 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी ही नळी बघितली तेव्हा ती 14 नॅनोमीटर लांब निघाली, आणि आतलं टोक एरवी बंद असतं, पंप येऊन टेकला तरच उघडतं. दार उघडं टाकून झोपणारा जंतू नाही हा.

प्रश्न : सर नमस्कार, तीन एकर भगवा डाळिंब आहे. तेल्या रोगावर पूर्वी स्ट्रेप्टोसायक्लिन मारलं की थांबायचं, आता फवारणीवर फवारणी चालू आहे तरी ठिपके वाढत्यात. हा जंतूपण औषध बाहेर फेकतो का? आणि एवढासा जंतू एवढं जाड फळ चिरतो कसा? (सांगोला तालुका)

नमस्कार. तुमच्या स्ट्रेप्टोसायक्लिनमध्ये दोन औषधं आहेत, नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. टेट्रासायक्लिनला बाहेर फेकणारे पंप बॅक्टेरियांमध्ये लय कॉमन. स्ट्रेप्टोमायसिनचं तसं नाही, तिथं जंतू बहुतेक वेळा औषधाला एक रासायनिक शेपूट चिकटवून निकामी करतो किंवा औषध जिथं बसतं ती जागाच बदलतो. त्यामुळे 'पंप आला म्हणून फेल गेलं' असं मी तुमच्या बागेबद्दल इथं बसून म्हणणार नाही, पण एकच औषध वर्षानुवर्षं मारलं की ज्याला कुठलीही युक्ती जमली तोच मागं उरतो, हे नक्की. आणि या युक्त्यांची जनुकं एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, म्हणूनच माणसाच्या औषधांची पिकावर फवारणी बंद करायचा मसुदा केंद्र सरकारनं डिसेंबर 2021 मध्ये काढला होता.

चिरण्याचं म्हणाल तर तेल्याचा जंतू, झँथोमोनास, झाडाच्या पेशीत शिरतही नाही. पर्णरंध्रातून नाहीतर जखमेतून आत येतो, दोन पेशींच्या मधल्या फटीत बसतो आणि तिथनं इंजेक्शन देतो. अक्षरशः. त्याला टाइप-थ्री सिक्रिशन म्हणतात, दोन्ही पडद्यांतून आरपार गेलेली सुई, आणि सुईतून प्रथिनं थेट झाडाच्या पेशीत. टायफॉइडच्या साल्मोनेलाकडे पण अशीच सुई आहे, झाडाचं कवच जाड म्हणून झँथोमोनासची लांब. ही प्रथिनं झाडाच्या राखणदाराला झोपवतात, जंतू वाढतो, ठिपका तेलकट होतो, आणि फळ फुगताना त्या मेलेल्या सालीला ताण सोसत नाही मग एल नाहीतर वाय आकाराच्या चिरा. फळ जंतू फोडत नाही, फळच फुगून फुटतं.

फवारणी वाढवण्यापेक्षा रोगट फांद्या-फळं काढून बागेबाहेर जाळणं, छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करणं, तोडणीनंतर बागेला तीन-चार महिने विश्रांती, आणि पावसाळ्यातला मृग बहार सोडून हस्त बहार धरता येतो का बघणं, याचा उपयोग जास्त. तांब्याचं बोर्डो मिश्रणही आहेच, पण तांबं बाहेर फेकणारे पंपही काही बॅक्टेरियांत असतात, म्हणून तेही आलं मनात की मारलं असं करू नका. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, रोगट पानं घेऊन एकदा तिथं जाऊनच या, माझ्यापेक्षा त्यांचं ऐका.

प्रश्न : सर, मी बीएस्सी मायक्रोच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रथिनं आतल्या पडद्यातून बाहेर काढायला सेक आणि टॅट असे दोन मार्ग का लागतात? आणि पंपावर कॉलेजच्या लॅबमध्ये होईल असा प्रोजेक्ट सांगा ना. (सोलापूर)

सोलापूरचा आहेस, चादरीवरनं सांगतो. सेकमध्ये सूत बाहेर जातं आणि विणकाम बाहेर होतं. प्रथिन घडी न पडलेलं, सुईच्या नेढ्यातून दोरा ओवावा तसं सरकतं, मागनं सेक-ए नावाचा मोटर एटीपी खर्चून ढकलतो. टॅटमध्ये चादर आतच विणून, घडी घालून, मगच दारातून जाते. घडी आतच का, तर काही प्रथिनांत धातू किंवा दुसरा कोफॅक्टर, म्हंजे मदतनीस रेणू, आतच बसवायला लागतो, तो बसला की परत उसवता येत नाही. दोन्हीकडे सुरुवातीला पत्त्याची चिठ्ठी असते, सिग्नल पेप्टाइड, टॅटच्या चिठ्ठीत दोन आर्जिनीन शेजारी-शेजारी, त्यावरनं नाव. प्रथिनावरच पत्ता लिहिलेला असतो या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना 1999 चं नोबेल मिळालं. आणि वर ज्या औषध तोडणाऱ्या एन्झाइमबद्दल लिहिलं ना, त्यातलं टेम नावाचं जुनं एन्झाइम सेकनंच बोळात येतं आणि पेनिसिलिनची वाट बघत बसतं, व्हायवात हे सांग.

प्रोजेक्टसाठी इथिडियम ब्रोमाइड या रंगाची प्लेट कर. इथिडियम पेशीत साठलं की यूव्हीखाली नारिंगी चमकतं आणि पंप चालू असेल तर साठतच नाही. अगरमध्ये वाढत्या प्रमाणात इथिडियम घालून पाच-सहा प्लेट्स ओत, प्रत्येकीवर सायकलच्या आऱ्यांसारख्या रेघा मारून एकेका रेघेवर एकेक स्ट्रेन, म्हंजे जंतूचा वेगळा वाण, लाव, रात्रभर ठेव. ज्याचा पंप जोरात तो जास्त प्रमाणाच्या प्लेटवरच चमकायला लागेल. हॉस्पिटलचे स्ट्रेन मागत बसू नकोस, कॉलेजच्या कलेक्शनमधले साधे घे. इथिडियम डीएनएला चिकटतं, हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही, यूव्हीचा चष्मा घालायचा, आणि वापरलेल्या प्लेट्स बेसिनमध्ये नाही, वेगळ्या डब्यात, लेबल लावून, गाईड मॅडमच्या ताब्यात.