सोडलेला ट्राउट वाचतो का? तीर्थनला निघण्याआधी एवढं वाचा

नमस्कार,

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दोन मित्रांबरोबर तीन दिवस हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट मासा गरवायला जाताय, तर नवीन घेतलेला ३ वेटचा, म्हणजे हलक्या वजनाचा, रॉड चालेल का. परवाना तिथे पोचल्यावर काढला तर चालेल का. आणि अगदी शेवटी, जाता जाता विचारावं तसं, की गेल्या वर्षी बरोटला सोडलेला ट्राउट ‘मस्त पोहत गेला’, पण दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या अंगाला काठाशी एक मेलेला दिसला, तो तोच असेल का.

मी त्या तिसऱ्या प्रश्नासाठी लिहायला बसले आहे. सात वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन मी तीर्थनहून पुण्याला परतले होते आणि विचारायला कोणी नव्हतं. उत्तर आधी देते: हो, तोच असू शकतो. पोहत गेला म्हणजे वाचला असं नसतं. आणि तुमचे पहिले दोन प्रश्न या तिसऱ्यातच गुंतलेले आहेत. माझ्या बाबतीत तरी होते.

मी मत्स्यशास्त्र शिकलेले नाही, गाइडही नाही. लहानपणी चिपळूणला दादाच्या मागे लागून वाशिष्ठीवर गरवायला जायचे, ती ओढ पुढे इथवर घेऊन आली. खाली लिहिते ते हिमाचलच्या थंड, धावत्या पाण्यातल्या ट्राउटबद्दल आहे. उजनीच्या चिलापीला किंवा मरळीला ते जसंच्या तसं लावू नका. कास्टिंग, गाठी वगैरे तुम्हाला येतच असणार, त्यात शिरत नाही.

आम्ही चार दिवस काढून गेलो होतो, मी आणि नवरा. त्यातले दोन परवान्यात गेले. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. पहिल्या दिवशी दुपारी बाराला पोचलो तर सही करणारे साहेब मीटिंगला गेलेले, तीनला या. तीनला गेलो तर पावतीपुस्तक संपलेलं, नवीन उद्या येईल. दुसऱ्या दिवशी पुस्तक आलं, परवाना हातात पडला, खोलीवर येऊन वाचते तर त्यावर भलत्याच नदीचं नाव. धावतपळत परत गेलो तोवर खिडकी बंद. फी भरायला माझी कधीच ना नव्हती आणि आजही नाही. पण जो माणूस आपणहून परवाना काढायला येतो, त्यालाच दोन दिवस ताटकळत ठेवलं, तर रात्री जाळं लावणाऱ्याचं फावतं. त्याला ना पावती लागते ना सही. हे मी त्या खिडकीशीही बोलले होते. उत्तर मिळालं नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: पोचल्यावर काढू, असं मुळीच करू नका. जिथे उतरणार आहात त्या होमस्टेवाल्याला आठ दिवस आधी ओळखपत्राची प्रत पाठवा आणि परवाना तयार ठेवायला सांगा. हातात आला की नदीचं नाव आणि तारखा तिथल्या तिथे वाचा. आणि ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. कोणी ‘वर जाऊ, मासा मोठा आहे’ म्हणालं तरी नाही.

आता खरं नुकसान सांगते. ते दोन दिवस बुडाल्याचं नव्हतं. त्या दोन दिवसांनी मला हाव सुटली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात उतरले ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन: एक मासा आणि त्याच्याबरोबर माझा एक फोटो.

रॉड तुमच्यासारखाच, ३ वेटचा. दुकानदार म्हणाला होता, हलक्या रॉडवर मजा जास्त. टिपेट, म्हणजे गळाला बांधायची शेवटची बारीक दोरी, ६एक्स, कारण कुठेतरी वाचलं होतं की स्वच्छ पाण्यात बारीक लावावा. गुशैनी गावाच्या थोडं खाली, एका मोठ्या शिळेच्या आडोशाला निंफ (पाण्यातल्या किड्यासारखा दिसणारा नकली गळ) वाहत गेला आणि लाइन थबकली. चौदा इंची ब्राउन ट्राउट. तो शिळेच्या बाहेरच्या मुख्य धारेत घुसला आणि मला ओढून काढताच येईना. रॉड मुठीपर्यंत वाकलेला, टिपेट तुटेल म्हणून जोर लावायची भीती, आणि मासा धारेत नुसता लटकून. नवरा फोटो काढत होता, म्हणून वेळ नेमकी सांगू शकते. वाकलेल्या रॉडचा पहिला फोटो ११ वाजून ४२ मिनिटांचा आहे. मासा हातात असलेला पहिला फोटो ११:५१ चा. नऊ मिनिटं.

हातात लोकरीचे मोजे होते, पाणी बर्फासारखं होतं म्हणून. मोज्यांसकट मासा धरला. पोटाकडे सोनेरी, कुशीवर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. इतकं देखणं काही मी हातात धरलं नव्हतं. नवरा म्हणाला, जरा वर धर, तोंडावर सावली येतेय. मग म्हणाला, डोळे मिटले तुझे, अजून एक. आमच्याबरोबरचा गाइड, बंजारकडचा वयस्क माणूस, तो दोनदा म्हणाला, “मॅडम, पानी में रखो.” मी ‘हां, बस एक’ म्हणाले. फोनमध्ये हातातल्या माशाचे सात फोटो आहेत. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत बहात्तर सेकंद. कल्ले उघडे पडलेले, शेवटच्या दोन फोटोंत तोंड आ वासलेलं. ते मी त्या वेळी पाहिलंच नाही, मी कॅमेऱ्याकडे बघत होते.

मग सोडला. शेपटीचा एक फटका मारून गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. डबा खाल्ला. तासाभराने खालच्या डोहाकडे चालत निघालो तर दोन दगडांच्या मधल्या संथ पाण्यात तो होता. पोट वर. कुशीवर जिथे मोज्याची बोटं रुतली होती तिथली चकाकी गेलेली, तेवढाच पट्टा निस्तेज. गाइडने वाकून तो उचलला, गवतात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन मी वाचायला लागले. कॅनडातल्या दोन संशोधकांनी १९९२ मध्ये रेनबो ट्राउटवर केलेला एक प्रयोग आहे. मासे पूर्ण थकेपर्यंत पळवले, मग काहींना थेट पाण्यात ठेवलं, काहींना ३० सेकंद हवेत, काहींना ६० सेकंद, आणि १२ तास नजर ठेवली. नुसतेच थकवलेल्यांपैकी १२ टक्के मेले. ३० सेकंद हवेत राहिलेल्यांपैकी ३८ टक्के. ६० सेकंदवाल्यांपैकी ७२ टक्के. प्रयोगशाळेतले मासे, वेगळी जात, तेव्हा हे आकडे तीर्थनला तंतोतंत लावू नका. पण माझे बहात्तर सेकंद मी त्या तक्त्याशेजारी लिहिले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

कारण समजायला सोपं आहे. पळून पळून माशाच्या स्नायूंत आम्ल साचतं, त्याला तेव्हाच सगळ्यात जास्त प्राणवायू हवा असतो. आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्याला हवेत धरतो. हवेत कल्ल्यांच्या झालरी एकमेकींना चिकटतात, श्वास बंद. चार मजले धावत चढलेल्या माणसाचं तोंड-नाक दाबून ‘जरा हसा’ म्हणावं तसं. तो फटका मारून जातो ती उरलीसुरली ताकद असते. पुढचं आपल्याला दिसत नाही.

म्हणून तुमचा रॉड. स्पष्ट बोलते, राग मानू नका: तीर्थनसाठी ३ वेट नको. छोट्या ओढ्यात, हातभर पाण्यात तो गोड रॉड आहे, ठेवा तो. पण मोठ्या धारेत मासा लवकर बाहेर काढायचा तर नऊ फुटी ५ वेट हवा, चार तुकड्यांचा, म्हणजे बॅगेत मावतो. लाइन तरंगती, डब्ल्यूएफ५एफ, म्हणजे पुढच्या टोकाला जड असलेली, ५ वेटच्या रॉडची. लीडर, म्हणजे लाइन आणि टिपेट यांच्यामधली निमुळती दोरी, नऊ फुटी. टिपेट ४एक्स, फार तर ५एक्स. एक्सचा आकडा वाढतो तशी दोरी बारीक होते: ४एक्स म्हणजे इंचाचा सात हजारांश, ६एक्स म्हणजे पाच हजारांश. एवढ्याशा फरकाने मासा बिचकतो असं मला तरी तिथे कधी दिसलं नाही, पण झुंज निम्म्यावर येते. रीलवर पैसे घालवू नका. तेच पैसे रबरी जाळीच्या हातजाळ्यावर घाला, सुतळीचं गाठींचं जाळं खवले आणि पर खरवडतं. पोलरॉइड चष्मा हवाच, डोळ्यांच्या रक्षणासाठीही. फ्लाय, म्हणजे किड्यांसारखे दिसणारे नकली गळ, चार-पाच पुरतात: फेजंट टेल आणि हेअर्स इअर, १४ आणि १६ नंबर, मणी ओवलेले, वर तरंगायला एल्क हेअर कॅडिस. प्रत्येक गळाचा उलटा काटा घरीच पक्कडीने दाबून सपाट करा. सुती कापडातून गळ ओढून बघा, अडकला तर अजून दाबा. काटा नसला की मासे सुटतात म्हणतात. दोरी ताणलेली ठेवली तर सुटत नाहीत, आणि सुटला तर सुटला.

(विमानाने जाणार असाल तर गळ आणि चिमटा चेक-इन सामानात टाका, हातातल्या बॅगेत नको. रॉडची नळीही तिकडेच.)

मासा लागल्यावर मी आता काय करते ते लिहिते. रॉड उभा धरत नाही, आडवा, काठाच्या बाजूला झुकवून ओढते. त्याने माशाचं डोकं वळतं आणि तो धारेतून बाहेर येतो. दोन-तीन मिनिटांत येत नसेल तर मीच खाली चालत जाते, त्याला धारेविरुद्ध ओढत बसत नाही. हातजाळं पाण्यातच ठेवते, मासा त्यात पाण्याखाली. हात आधी ओले, मोजे कधीच नाहीत, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर ही त्याची कातडीवरची कातडी आहे, तो गेला की बुरशीला दार उघडं. गळ चिमट्याने पाण्याखालीच फिरवून काढायचा. खोल गिळला असेल तर दोरी तोंडाशी कापून द्यायची, आत उकरायचं नाही. पोट दाबायचं नाही, हृदय तिथेच कल्ल्यांच्या मागे असतं. मग एक हात शेपटीच्या मुळाशी, एक पोटाखाली नुसता आधाराला, तोंड धारेकडे. मागे-पुढे ढकलू नका, हे फार जण करतात. पाणी तोंडातून आत आणि कल्ल्यांतून बाहेर, असंच वाहायला हवं. तो स्वतः हात सोडवून जाईपर्यंत थांबायचं. माझे कधी पाच सेकंद लागले, कधी चार मिनिटं.

फोटो काढायचाच असेल तर आधी फोन तयार, मग मासा पाण्याबाहेर, आणि काढणाऱ्याने मोठ्याने तीनपर्यंत मोजायचं. तीनला मासा पाण्यात, फोटो आला असो वा नसो. तुम्ही तिघे आहात, हे काम एकाला वाटून द्या.

एप्रिल अखेरबद्दल. बर्फ वितळायला लागलेला असेल. दुपारी नदी चढते आणि दुधाळ होते, तेव्हा सकाळी उजाडल्यापासून दहा-साडेदहापर्यंतच खरं काम. नंतर गुशैनीला मिळणारी फलाचन बघा, पाणी कमी असतं, तुमचा ३ वेट तिथे बाहेर काढा. तारखा बदलता येत असतील तर मार्चचा दुसरा पंधरवडा किंवा पावसाळ्यानंतर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते, मासे तेव्हा अंडी घालतात.

एक कळकळीची सूचना. तीर्थनवर धरण नाही, त्या खोऱ्यातल्या लोकांनी जलविद्युत प्रकल्पांना विरोध करून ती मोकळी राखली. पण लारजीपाशी बियासला लागलात की धरणाखालचं पाणी सुरू होतं. जून २०१४ मध्ये थलौटजवळ धरणातून पाणी सोडलं आणि हैदराबादहून आलेले २४ विद्यार्थी वाहून गेले. नदीत दगडावर उभे राहून फोटो काढत होते. तिथे पाण्यात उतरू नका, उन्हाळ्यात नदी कितीही आटलेली दिसली तरी.

तुमच्या मित्राचं म्हणणंही तुम्ही लिहिलंय, की ट्राउट इंग्रज साहेबांनी आणलेला परका मासा, मेला तर काय बिघडलं. परका आहे हे खरं. काश्मीरहून अंडी आणून कुल्लूत १९०९ च्या सुमारास कटराईंजवळ महिलीला ते वाढवायला सुरुवात झाली. इथल्या मूळच्या माशांना त्यांचा त्रास होतो, हेही मी मान्य करते. त्या कारणासाठी कोणी नियमात राहून पकडून खाल्ला तर माझं काही म्हणणं नाही, माझा गाइडही खातो. खायचा तर लगेच मारा आणि खा. पण सोडतो म्हणायचं, फोटोखाली तसं लिहायचं आणि तो दोन दगडांत मरायला टाकायचा, हे मला पटत नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीत लोक महसीरला देवाचा मासा मानतात, त्याला हात लावत नाहीत. तिथे पुलावर उभं राहून कुरमुरे टाकताना मी तासभर ते मासे बघितले आहेत. राखायचा तर तसा मनापासून राखावा, असं मला वाटतं.

त्या सात फोटोंतला एकही मी कोणाला पाठवला नाही. पुसलेलेही नाहीत. पुढच्या वर्षी त्याच गाइडबरोबर त्याच शिळेपाशी गेले, ५ वेट घेऊन. साधारण तेवढाच मासा लागला, अडीच मिनिटांत जाळ्यात आला, मी तो वर उचललाच नाही. पाण्याखाली हात मोकळा केला, तो दगडाआड गेला आणि तिथेच धारेकडे तोंड करून उभा राहिला. आम्ही दोघं अर्धा तास बघत होतो. हलला नाही, पण कल्ले एका लयीत चालू होते. मग गाइड म्हणाला, “अब ठीक है,” आणि चहाचा थर्मास उघडला.

कुठल्या गावात उतरताय ते कळवा. सकाळचं ऊन कुठल्या काठावर आधी येतं आणि पाण्यात सहज उतरण्यासारखी वाट कुठे आहे, तेवढं सांगते.